कृत्तिका कुणाकडे आहेत

बाबांची वाचा गेली ती एका साध्या सकाळी, चहा पिता पिता. बाबा म्हणजे माझे सासरे. आई, म्हणजे सासूबाई, त्यांना विचारत होत्या की बाजारातून येताना लिंबं आणाल का, आणि बाबा नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. एरवी लिंबांच्या प्रश्नालाही बाबांचं उत्तर लांबलचक असायचं. कोपऱ्यावरच्या बाईकडची लिंबं कशी कोरडी निघतात, गंधराज लिंबू वरणावर का पिळू नये, त्यांच्या गावाकडे लिंबाचं झाड दारातच कसं होतं. त्या दिवशी ओठ हलले, आवाज आला, पण तो कुठल्याच भाषेतला नव्हता. मग उजव्या हातातला कप कलंडला.

नवरा घरात होता म्हणून बरं झालं. आम्ही त्यांना तडक हॉस्पिटलात नेलं. हात आणि पाय हळूहळू बरेचसे ताळ्यावर आले. शब्द मात्र आले नाहीत. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की त्यांना सगळं कळतंय, काय म्हणायचंय तेही माहीत आहे, फक्त शब्द हाताला लागत नाही. आईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येताना गाडीत म्हणाल्या, "माणूस तोच आहे ना, मग होईल."

बाबा साताऱ्याकडचे. कस्टम्समध्ये नोकरी लागली आणि कलकत्त्याला आले. खिदिरपूरच्या गोदीत जहाज लागलं की वर चढून तपासणी करायची, हे त्यांचं अर्धं आयुष्य. बदलीच्या संधी आल्या, पण तोवर शहराच्या दक्षिणेला बेहाला भागात फ्लॅट झाला होता, आईंना बंगाली शेजारणी मिळाल्या होत्या, आणि बाबांना नदी सोडवेना. निवृत्तीनंतरही ते इथेच राहिले. एका जहाजावरच्या सेकंड ऑफिसरने त्यांना पहाटेच्या वेळी डेकवर उभं करून तारे ओळखायला शिकवलं होतं. ती गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मलाही ऐकवली होती.

मी कलकत्त्यातच वाढले. माझे वडील बँकेत होते, मी लहान असताना बदलीवर इथे आलो आणि राहिलो. शाळा इंग्रजी, मैदानावर बंगाली, दुकानात हिंदी आणि मराठी फक्त जेवणाच्या टेबलावर. बंगालीत वस्तूंना लिंग नसतं. त्यामुळे माझ्या मराठीत भाकरी कधी 'तो' असायचा, दार कधी 'ती'. लग्नानंतर बाबा मला सुधारायचे. रागाने नाही, अगदी प्रेमाने. मी "माझा पर्स" म्हटलं की ते पेपरमागून म्हणत, "माझी." पण दिवसातून कितीदा तरी असं झालं की माणूस बोलायचंच कमी करतो. मी त्यांच्यासमोर छोटी, सुरक्षित वाक्यं बोलू लागले. हो बाबा, नाही बाबा, चहा ठेवते. बोलघेवड्या सासऱ्यांना अबोल सून मिळाली असं आई गमतीने म्हणत, आणि दोघांनाही ते खरं वाटायचं.

वाचेचे व्यायाम घ्यायला एक तरुण बंगाली बाई आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागल्या. त्या बाबांना मेशोमशाय, म्हणजे काका, म्हणत. चित्रं दाखवत, अर्धे शब्द देत, गाणं म्हणायला लावत. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला एक नियम घालून दिला: त्यांचा शब्द तुम्ही पूर्ण करायचा नाही. कितीही वेळ लागू दे, थांबायचं. हा नियम पाळणं किती अवघड आहे ते घरात असा माणूस असल्याशिवाय कळत नाही. बाबा "च… च…" करू लागले की आईंच्या तोंडून "चहा? चादर? चष्मा?" अशी रांगच लागायची, आणि बाबा डोळे मिटून घ्यायचे.

दुसरी अडचण वेगळीच होती. एके दुपारी बाबांना तहान लागली आणि त्यांच्या तोंडून स्वच्छ शब्द आला: "जॉल." आम्ही सगळे आनंदलो. आईंनी पाणी दिलं. पण स्वयंपाकघरात मी गेले तेव्हा त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. "पाणी नाही म्हणाले," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं माझ्याकडे पाणी मागितलं, आणि आता जॉल." थेरपिस्ट बाईंनी सांगितलं की असं होतं, जी भाषा हाताशी येईल ती येऊ द्या. पण त्या हेही म्हणाल्या की आपल्या भाषेतला सराव रोज व्हायला हवा, आणि तो त्या देऊ शकत नाहीत. मराठी त्यांना येत नव्हती. शोधून बघितलं, मराठीत व्यायाम घेणारं शहरात कुणी सापडलं नाही. नवरा कामानिमित्त सारखा बाहेरगावी. आई त्यांच्यासमोर बसल्या की दोघांच्याही डोळ्यांत पाणी यायचं. राहिले मी, जिला दार कुठल्या लिंगाचं ते धड सांगता येत नव्हतं.

"त्यांना काय आवडतं?" बाईंनी विचारलं. "मुलांच्या पुस्तकातली सफरचंदं दाखवून त्यांना कंटाळा आलाय."

आईंनी क्षणभरही विचार केला नाही. नदी, जहाजं आणि आकाश, त्या म्हणाल्या.

नदी लांब होती, जिने उतरून त्यांना नेणं अजून शक्य नव्हतं. बेहालाच्या आकाशात धूर आणि दिवे सोडून फारसं काही दिसत नाही. मला त्या दिवशी माझी पहिली नोकरी आठवली. मी संगणकाच्या क्षेत्रातली. अगदी सुरुवातीला काही महिने एका संशोधनसंस्थेच्या कामावर होते, तिथे खगोलशास्त्रज्ञांची माहिती साठवण्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळत होतो. तेव्हा एक गोष्ट शिकले होते. जगभरच्या वेधशाळा आपापल्याकडे काय आहे, कुठले फोटो, ताऱ्यांच्या कुठल्या याद्या, ते एका सामाईक रजिस्ट्रीत नोंदवून ठेवतात. ती रजिस्ट्री कुणालाही विचारता येते. त्यासाठी सुंदर चित्रांच्या वेबसाइटची गरज नाही. संगणकावर ती काळी खिडकी उघडायची, जीत नुसती अक्षरं असतात, एक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. उत्तरही ओळींतच येतं.

माझं ऑफिस परदेशातल्या वेळेनुसार दुपारी सुरू व्हायचं, त्यामुळे सकाळ मोकळी होती. दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन बाबांच्या शेजारी बसले. काय करणार आहे ते सांगताना माझी जीभ अडखळत होती, कारण इतकं सलग मराठी मी त्यांच्याशी कधी बोललेच नव्हते. "बाबा, जगात सगळीकडे दुर्बिणी आहेत. त्यांच्याकडे काय आहे ते आपण विचारू या. एकच शब्द पुरतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या काळ्या खिडकीकडे.

मी प्लीएडीस हा शब्द घालून ओळ टाइप केली. कृत्तिकांचं इंग्रजी नाव. मला एवढंच ठाऊक होतं की हे नाव त्यांच्या जहाजाच्या गोष्टीत यायचं. एंटर दाबल्यावर थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग पडद्यावर ओळींमागून ओळी येऊ लागल्या. प्रत्येक ओळ म्हणजे कुठल्यातरी संस्थेकडची एक वस्तू: इथे या समूहातल्या ताऱ्यांची यादी आहे, तिथे त्यांच्या प्रकाशाची मोजमापं, आणखी कुठेतरी जुने फोटो. बाबा पुढे झुकले. चांगल्या हाताचं बोट त्यांनी पडद्यावर एका ओळीवर टेकवलं आणि खालपर्यंत नेलं. अक्षरं ते वाचू शकत होते, हे मला तेव्हा कळलं. व्यायामाच्या वेळी सफरचंदाच्या चित्रापाशी गळून जाणारा तो चेहरा मला दिसेना.

मला वाटलं होतं की आता लगेच एक फोटो उघडून दाखवावा. त्यांना आवडेल. मी घाईघाईने पुढची ओळ लिहायला लागले, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ते काहीतरी म्हणत होते. मी नियम आठवून गप्प राहिले. स्वयंपाकघरातून आईंच्या भांड्यांचा आवाजही थांबला.

"कु…" बाबा म्हणाले. "कुणा… कुणाकडे?"

कुणाकडे आहे ते आधी. कुणाकडे काय आहे ते नीट वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. रजिस्ट्री नेमकी तेवढ्यासाठीच असते. ती वस्तू देत नाही, वस्तू कुणाकडे आहे ते सांगते. मग त्या पत्त्यावर दुसरा प्रश्न पाठवायचा. कस्टम्समधल्या माणसाला हे सांगावं लागलं नाही. आम्ही ओळ न् ओळ वाचली. मी मराठीत सांगायचे, ते मान हलवायचे.

'कुणाकडे' हा त्यांचा पहिला रुळलेला मराठी शब्द झाला. रोज सकाळी नाश्ता झाला की ते खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढायचे आणि म्हणायचे, "कुणाकडे?" त्याचा अर्थ, चल, बसू या.

काही दिवसांनी मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी आधी आम्हा कुणालाच सुचली नव्हती. त्यांचं स्पेलिंग चुकायचं. एखादं अक्षर गळायचं, दोन अक्षरं उलटी पडायची. मग उत्तर यायचं, शून्य नोंदी. बस, एवढंच. आणि खाली कर्सर लुकलुकत राहायचा. ती खिडकी त्यांचा शब्द पूर्ण करत नव्हती. "बरं बरं, कळलं" म्हणत नव्हती, डोळ्यांत पाणी आणत नव्हती, मोठ्या आवाजात सावकाश बोलत नव्हती. चुकलं तर शून्य आणि बरोबर असेल तर ओळी. बाबा पुन्हा टाइप करायचे. मी शेजारी हातावर हात ठेवून बसायचे आणि त्या कर्सरकडून थांबणं शिकायचे.

शब्द टाइप झाला की मी त्याचं मराठी नाव विचारायचे. बंगालीतही नक्षत्रांची नावं तीच आहेत, फक्त उच्चार वेगळे, त्यामुळे थेरपिस्ट बाई आल्या की त्याही यात सामील व्हायच्या. त्यांचं रोहिणी 'रोहिनी' व्हायचं, स्वाती 'शाती'. बाबांना याची गंमत वाटायची. एक दिवस बाईंनी 'कृत्तिका' त्यांच्या पद्धतीने म्हटलं आणि बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. तोंड जुळवायला बराच वेळ गेला. "कृ… त्ति… का," ते म्हणाले. शेवटच्या अक्षरावर असा जोर दिला, जशी टेबलावर ठक्कन वाटी ठेवावी. आई दारात येऊन उभ्या होत्या. त्या पदराने हात पुसत राहिल्या, हात कोरडे असूनही.

सगळे दिवस असे नव्हते. त्याच सुमारास सांगलीहून बाबांच्या बहिणीचा फोन आला. आत्याबाई रोज आईंकडून खुशाली घ्यायच्या, त्या दिवशी त्यांनी बाबांशी बोलायचा हट्ट धरला. आईंनी फोन बाबांच्या कानाला लावला. तिकडून आत्याबाई रडायला लागल्या, "दादा, काहीतरी बोल रे." बाबांनी प्रयत्न केला. जे आलं ते नुसतं घशातलं होतं. त्यांनी फोन आईंच्या हातात दिला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं तर मान हलवली. आठवडाभर असंच गेलं. मला आत्याबाईंचा राग आला, मग माझ्याच रागाची लाज वाटली, कारण त्यांचं चुकलं काय होतं?

मी मग एकटीच रोज सकाळी टेबलाशी बसू लागले, त्यांच्या खोलीचं दार उघडं ठेवून. मोठ्याने बोलत बोलत शोधायचे. थोडं नाटकच होतं ते. पण मोठ्याने एकट्याने बोलताना मला माझ्याच मराठीचं दडपण वाटेनासं झालं. एका सकाळी मी रोहिणीबद्दल विचारलं होतं आणि पडदा भरून उत्तरं आली होती. "बाबा," मी आत ओरडून सांगितलं, "बघा ना, ही तारा किती लोकांकडे आहे."

आतून आवाज आला. "तो."

आधी मला वाटलं, बंगालीत बोलता बोलता 'ना'सारखा जोडतात तो 'तो' असेल. मी उठून दारापाशी गेले. बाबा पलंगावर उठून बसले होते.

"तो," ते पुन्हा म्हणाले, आणि माझ्याकडे बोट दाखवून, प्रत्येक शब्द वेगवेगळा उचलत: "तो. तारा."

किती वर्षं मी या सुधारण्याला घाबरून गप्प बसले होते. त्या क्षणी मला वाटलं, यांनी मला दिवसभर सुधारत राहावं. मी म्हटलं, "तो तारा, बाबा. चुकलं माझं." ते हसले. मग ते खुर्चीकडे आले. त्या सकाळी मी जाणूनबुजून आणखी एकदोन चुका केल्या. एक त्यांनी पकडली. दुसरी सोडून दिली, पण भुवई उंचावून. मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना बहुधा आधीपासून माहीत असावं.

पत्राचा प्रकार त्यानंतरचा. कृत्तिकांच्या नोंदींमध्ये एक नोंद बाबांच्या मनात भरली होती. दूरच्या एका जुन्या वेधशाळेकडे काचेच्या तबकड्यांवर घेतलेले फार जुने फोटो होते आणि ते आता संगणकावर चढवले होते. फोटो मागवायला आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे द्यायचे आणि त्याभोवती किती भाग हवा ते सांगायचं. आम्ही दिले. उत्तर आलं नाही. नुसती काहीतरी चूक झाल्याची सूचना आली. पुन्हा पुन्हा विचारलं तरी तेच. रजिस्ट्रीत नोंद होती पण त्या पत्त्यावर कुणी दार उघडत नव्हतं. मी म्हटलं, होतं असं, जुन्या सेवा बंद पडतात, आपण दुसरीकडचा फोटो बघू. माझ्या धंद्यात आम्ही सगळे असंच म्हणतो.

बाबांना ते पटलं नाही. त्यांनी पडद्यावर नोंदीच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे संपर्कासाठी एक ईमेलचा पत्ता होता. प्रत्येक नोंदीला असतो. मी तो कधी वापरल्याचं मला आठवत नाही.

"लिही," बाबा म्हणाले.

त्यांनीच मजकूर सांगायचा असं ठरलं. पत्र इंग्रजीत जायचं होतं, पण सांगताना शब्द येतील त्या भाषेत येत. एका सकाळी एक वाक्य, कधी अर्धंच. मला ते गुळगुळीत करण्याचा मोह व्हायचा. मी एकदा आपलं ऑफिसातलं छान वाक्य घालून वाचून दाखवलं, तर त्यांनी मान हलवली. ते त्यांचं नव्हतं. शेवटी पत्र तयार झालं त्यात फक्त एवढंच होतं की आम्ही कलकत्त्यातले दोघे जण आहोत, आम्ही तुमच्याकडचे फोटो विचारले, उत्तर आलं नाही, सवडीने बघावं, काही घाई नाही. 'घाई नाही' हे त्यांनी स्वतःहून घातलं. खाली सही म्हणून त्यांनी आपलं नाव स्वतः टाइप केलं. बिनचूक. मी ते कितीतरी वेळ पाठवलंच नाही, नुसती बघत बसले. बाबांनी खांद्याला धक्का दिला तेव्हा पाठवलं.

उत्तर येईल असं मला वाटत नव्हतं. बाबांना मी तसं सांगितलं नाही. रोज सकाळी ते भुवयांनी विचारायचे, मी नाही म्हणायचे आणि आम्ही दुसरं काहीतरी शोधायला लागायचो. मग एक दिवस उत्तर आलं. लिहिणाऱ्याने बाबांना सर म्हटलं होतं. त्यांचा संगणक दुसऱ्या इमारतीत हलवला होता आणि पत्ता बदलायचा राहून गेला होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्या फोटोंना हल्ली फारसं कुणी विचारत नाही. आता दुरुस्त केलंय. कळवल्याबद्दल आभार, आणि कलकत्त्यातल्या दोघांनाही नमस्कार. मी ते मराठीत वाचून दाखवलं. बाबांनी हाताने खूण केली: पुन्हा. मी पुन्हा वाचलं. मग आईंना बोलावून तिसऱ्यांदा वाचलं. आईंनी विचारलं की तो माणूस ओळखीचा आहे का. "आता… आहे," बाबा म्हणाले.

फोटो मागवणारी ओळ बाबांनीच टाइप केली. आकडे मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले होते. एक आकडा चुकला तेव्हा आकाशातली भलतीच जागा आली आणि तिथे काहीच विशेष नव्हतं. त्यांनी पुन्हा टाइप केली. या वेळी चित्र उघडलं.

आई चष्मा लावून पुढे वाकल्या. पांढुरक्या, डागाळलेल्या पार्श्वभूमीवर काळे ठिपके होते, काही बारीक, काही मोठे, मध्ये मोठ्या ठिपक्यांचा एक घोळका. काठाला एक चरा गेलेला. "हे काय," त्या म्हणाल्या, "तीळ सांडल्यासारखं."

मी समजावून सांगणार होते, पण थांबले. बाबांनी आईंचा हात धरून तो पडद्याजवळ नेला. एका मोठ्या ठिपक्यावर त्यांचं बोट टेकवलं.

"काळं… ते… उजेड," ते म्हणाले. "निगे… निगेटिव्ह. कृत्तिका."

मग दुसऱ्या ठिपक्यावर, मग तिसऱ्यावर. आई एकेक ठिपका बघत होत्या. कदाचित त्या ठिपक्यांपेक्षा बाबांकडेच बघत असतील. "मला दिसायच्या नाहीत हो कधी," त्या म्हणाल्या. "तुम्ही गच्चीवर न्यायचात, मी हो हो म्हणायचे. मला सहा-सात कधी दिसल्याच नाहीत. नुसता धूसर पुंजका दिसायचा."

बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला. मी पाणी आणायला उठले. तेवढ्यात आईंनी आपल्यासमोरचा पेला त्यांना दिला होता.

बाबांनी सांगलीला फोन केला तो त्याच आठवड्यात. आम्हाला कुणाला न सांगता, आतल्या खोलीतून. काय बोलले ते मी ऐकलं नाही. दाराबाहेरून जाताना एवढंच कानावर पडलं की मधे मधे लांब थांबत होते आणि पलीकडच्या आत्याबाई त्यांना थांबू देत होत्या.

बाबा पूर्वीसारखे बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, कदाचित बोलणारही नाहीत. लहान वाक्यं जमतात, लांब वाक्य मध्येच कुठेतरी सुटून जातं आणि ते हात उडवून देतात. थकवा आला की शब्द पुन्हा पळतात. थेरपिस्ट बाई आता महिन्यातून एकदा येतात, त्यातला निम्मा वेळ चहा आणि आईंच्या हातच्या चकल्या यांत जातो. माझा जुना लॅपटॉप मी बाबांना दिला आहे. मला आता आठवड्यातले काही दिवस ऑफिसला जावं लागतं, आणि दुपारी जेवताना फोनवर त्यांचा संदेश येतो: एखादं नक्षत्र आणि त्यापुढे किती नोंदी आल्या तो आकडा. मी उत्तर देते. लिंग चुकलं तर लगेच दुरुस्ती येते, आणि ती फार वेगाने येते.

गेल्या शनिवारी मी घरी होते. बाबांनी काळी खिडकी उघडली, हात कीबोर्डवर ठेवले आणि माझ्याकडे वळले. "तुला?" ते म्हणाले. "तुला… काय हवंय?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न आलाच नव्हता. आम्ही नेहमी त्यांचे तारे शोधले होते. मला काही सुचेना. बाबांनी मदत केली नाही, नावं सुचवली नाहीत. खुर्चीत मागे टेकून ते बसून राहिले, जणू सबंध दिवस याच कामाला ठेवला आहे. बाहेर कुणीतरी मासेवाल्याशी घासाघीस करत होतं. मला शाळेतलं एक प्रदर्शन आठवलं, माझ्या वडिलांनी मला उचलून एका दुर्बिणीपर्यंत नेलं होतं आणि रांगेतल्या मागच्या लोकांच्या घाईत मला काहीच नीट दिसलं नव्हतं.

"शनी," मी म्हटलं. "शनीची कडी."

आई आतून म्हणाल्या, "अगं, आज शनिवारी कशाला त्याचं नाव घेतेस?"

"नाव नाही घेत," बाबा म्हणाले, आणि एकेक अक्षर शोधून दाबायला लागले. "टाइप… करतोय."